अधर राहिलेले चाक

शाम आडे कवळ्या तयार करतात. पुसदच्या एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागे आठ बाय दहाची खोली आहे. तिथे बावीस वर्षे त्यांचे हे काम चालू आहे. रुग्णाच्या जबड्याचा ठसा पुढच्या खोलीतून येतो. त्यात प्लास्टर ओतून साचा काढायचा, साच्यावर मेण, मेणात दात, मग मेणाच्या जागी गुलाबी ॲक्रिलिक, आणि शेवटी घासकाम. ज्याच्या तोंडात कवळी बसायची तो माणूस शाम यांना बहुधा दिसत नाही. बाजारात एखादा अनोळखी गृहस्थ हसला तर दात ओळखीचे निघतात आणि माणूस अनोळखीच राहतो, असे ते सांगतात. त्यात काही गंमत आहे असे त्यांना वाटत नाही.

त्यांचे वय सत्तेचाळीस आहे. राहणे पुसदपासून नऊ किलोमीटरवर, पळसकुंड तांड्यात. घरात पत्नी संगीता, वडील धावजी आणि आई मानीबाई. पाच एकर शेत आहे, त्यात कापूस आणि तूर. शेत संगीता पाहतात.

शाम यांचा दुसरा उद्योग विमानांच्या प्रतिकृतींचा. अशा प्रतिकृतींचे सुटे भाग डब्यात बंद करून विकले जातात. खऱ्या विमानाचे बहात्तर इंच म्हणजे प्रतिकृतीचा एक इंच, असे त्यांचे नेहमीचे प्रमाण. सोबतच्या कागदाप्रमाणे भाग चिकटवत गेले की जगात कुठेतरी उडालेले एक विमान टेबलावर तयार होते. शाम यांना ते नको असते. ते कोणीतरी अर्धवट टाकून दिलेले डबे मिळवतात, एकाचा पंख, दुसऱ्याचे धड आणि तिसऱ्याचे शेपूट कापून, घासून, जोडून असे विमान करतात जे कधी कुठे नव्हते. हौशी लोकांत याला किटबॅशिंग म्हणतात. यात कसोटी एकच: भाग मूळचा कुठला हे पाहणाऱ्याला कळता कामा नये. सांधा दिसला की काम फसले. कवळीचीही कसोटी हीच आहे, आणि हत्यारेही तीच.

नागपूरकडच्या चौदा हौशी लोकांचा एक गट आहे. मोबाइलवर ते आपापली कामे एकमेकांना दाखवतात. त्यांच्यात एक रीत आहे. प्रत्येक काल्पनिक विमानासोबत एक कार्ड लिहायचे: विमान कोणत्या साली झाले, कोणी करवून घेतले, कुठून कुठे उडाले. ‘काल्पनिक’ हा शब्द मात्र कार्डावर लिहायचा नाही. तो सगळ्यांना ठाऊकच असतो, आणि ठाऊक असलेली गोष्ट बोलून दाखवली तर खेळ मोडतो. चौदा जणांपुरती ही रीत निर्दोष आहे. कोणतीही रीत किती माणसांपुरती खरी असते, हा प्रश्न ती त्या माणसांच्या बाहेर जाईपर्यंत कोणाला पडत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात शाम यांनी एक मालवाहू विमान करायला घेतले. कल्पना साधी होती. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर नेत. त्या व्यवसायाला लदेणी म्हणत. रेल्वे आणि सडका आल्या आणि लदेणी संपली. ती संपली नसती, बैलांनंतर तांड्यांनी आणखी काही हाताशी धरले असते, तर ते कसे दिसले असते? दोन हेलिकॉप्टरांची धडे मागेपुढे जोडून एक लांब धड झाले. पंख एका बॉम्बफेकी विमानाचे आले, शेपूट पाण्यावर उतरणाऱ्या विमानाचे. खिडक्यांची भोके त्यांनी कवळीच्या गुलाबी ॲक्रिलिकने बुजवली. रंग देण्यापूर्वी ते विमान हिरड्यांसारखे दिसत होते.

आतला माल कसा रचावा हे त्यांनी वडिलांना विचारले. धावजी तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचे होते. लदेणी त्यांनी स्वतः केली नव्हती, पण आपल्या आजोबांकडून ती इतक्या बारकाईने ऐकली होती की ऐकलेले आणि केलेले यांत फार अंतर उरले नव्हते.

“बैलाच्या दोन्ही अंगाले गोण सारखी पाहिजे,” धावजींनी सांगितले. “एक मूठ इकडंतिकडं झाली की बैल दोन कोसात बसते. बांधाबांध करायची नाही. वजनानंच वजन धरून ठेवलं पाहिजे.”

शाम यांनी प्लास्टरच्या चोवीस गोण्या केल्या, सुती कापडात गुंडाळल्या, दवाखान्यातल्या बारीक तराजूवर तोलल्या, आणि मागच्या दाराजवळ डावीकडे बारा व उजवीकडे बारा अशा चिकटवल्या. धड बंद केले. सांधे घासले, रंग दिला, चाके लावली. या विमानाला तीन चाके होती: दोन पंखांखाली, एक नाकाखाली. श्रावणातल्या एका रविवारी त्यांनी ते खिडकीच्या फळीवर चाकांवर ठेवले, आणि विमान मागे कलून शेपटीवर बसले. पुढचे चाक बोटभर उंच, अधर राहिले.

ही चूक नवख्या माणसाची आहे. तीन चाकांचे विमान बंद करण्यापूर्वी त्याच्या नाकात वजन भरतात, हे शाम यांना वीस वर्षांपासून माहीत होते. परंतु या खेपेस त्यांनी तोल बैलाचा धरला होता. बैलाला चार पाय असतात. त्याच्या बाबतीत प्रश्न डाव्याउजव्याचा असतो, पुढच्यामागच्याचा कधीच नसतो.

“दुनियेचे दात बराबर बसवता,” संगीता अंगणातून म्हणाल्या, “अन् घरचं विमान बुडावर बसवलं.”

“पुढं वजन कमी पडलं.”

“मंग कवळी घाला त्याले. तुमच्यापाशी कमी हाये काय?”

विमान तीन आठवडे तसेच शेपटीवर बसून राहिले. रंग न बिघडवता नाकात शिरायचे कसे, हे शाम यांना सुचत नव्हते. शेवटी त्यांनी पुढच्या चाकाच्या खाचेतून बारीक छिद्र पाडले, त्यातून शिशाचे छरे आत सोडले आणि छिद्र बुजवले. विमान तिन्ही चाकांवर उभे राहिले. ते तीन आठवडे धावजींची खाट नेहमीप्रमाणे अंगणात, त्या खिडकीसमोर होती.

मग शाम यांनी कार्ड लिहिले. ‘लदेणी-२. मालवाहू. सन १९५७. पळसकुंड तांडा सहकारी हवाई वाहतूक संस्था. पहिले उड्डाण: पूस नदीकाठच्या वावरातून, दोनशे चाळीस गोणी ज्वारीसह.’ गटातल्या लोकांनी कार्डाचे विमानापेक्षा अधिक कौतुक केले.

*

धावजींविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. तांड्यात सोयरीक जुळवताना दोन्हीकडच्या कुळी पाहाव्या लागतात: वडिलांची, आईची, आजीची. एका कुळीत लग्न होत नाही. कोणत्या घराची आजी कोणत्या तांड्याहून आली आणि तिची कुळी कोणती, हे कुठे लिहिलेले नाही. गेली तीस वर्षे ते धावजींना विचारत आले आहेत. आजूबाजूच्या सात-आठ तांड्यांतून लोक येतात, खाटेजवळ बसतात, दोन नावे सांगतात. धावजी डोळे मिटून मागे जातात आणि ‘जमते’ किंवा ‘जमत नाही’ एवढे म्हणतात. त्यांच्या शब्दावर लग्ने झाली आहेत आणि मोडलीही आहेत. त्यांच्याकडे दुसरी कोणतीही सत्ता नाही.

गेल्या वर्षी तांड्यात समाजभवन बांधून झाले. तांड्याचे नायक देवसिंग हे एसटीतून निवृत्त झालेले वाहक आहेत. त्यांनी भवनात काचेचे एक कपाट करवून घेतले: जुनी गोण, बैलाच्या गळ्यातली घंटा, काचा आणि कवड्या लावलेला घागरा, पितळी भांडी. कपाटाचा मधला कप्पा रिकामा होता. नायकांनी शाम यांच्याकडून विमान मागून नेले. शाम यांनी ते दिले, आणि सवयीने सोबत कार्डही दिले.

देवसिंग नायकांना भोळे समजणे चुकीचे ठरेल. चौतीस वर्षे त्यांनी तिकिटे तपासली होती. खोटे बोलणारा प्रवासी त्यांना चेहऱ्यावरून कळे. पण कार्डावर साल होते, संस्थेचे नाव होते, वावराची जागा होती, गोण्यांची संख्या होती. आपल्या लोकांविषयी छापलेल्या कागदावर त्यांनी आजवर जे वाचले होते त्यात इतके तपशील कधी नव्हते. ते अंगणात आले तेव्हा शाम घरीच होते, साप्ताहिक सुटी होती.

“धावजी काका,” नायक खाटेच्या काठावर बसत म्हणाले, “सत्तावन साली तुमी किती वर्षाचे होते?”

“असन सोळा-सतरा.”

“मंग ते विमान तुमी पाह्यलंच असन.”

धावजींनी सोयरिकीच्या वेळी मिटत तसे डोळे मिटले.

“पाह्यलं ना. नदीच्या अंगच्या वावरात उभं होतं. ज्वारी निंगाली होती, वावर खाली होतं. लय आवाज. आमी पोट्टे पळत गेलतो. नाक वर, शेपूट भुईले टेकलं होतं, अन् पुढचं चाक अधर लटकून होतं. हालत होतं हवेनं.”

“पाह्य शाम,” नायक आनंदाने म्हणाले, “चाकापर्यंत याद हाये.”

जुनी अनेक विमाने जमिनीवर नाक वर करूनच उभी राहत, पण त्यांना नाकाखाली चाक नसे. नाकाखाली चाक असलेले विमान नाक वर करून उभे राहत नाही. असे विमान जगात एकच होते. ते श्रावणात तीन आठवडे खिडकीत बसले होते आणि त्याची ती अवस्था शाम यांच्या चुकीने आलेली होती. वडील खोटे बोलत नव्हते. त्यांनी ते खरोखरच पाहिले होते. फक्त सदुसष्ट वर्षे मागे नेऊन ठेवले होते.

शाम नायकांना पोचवायला रस्त्यापर्यंत गेले.

“नायक, तसं विमान कधी नव्हतंच. म्या बनवलं ते.”

“तूच बनवलं. कायच्यावरून बनवलं?”

“कायच्यावरून नाही. डोक्यातून.”

“अन् कागद?”

“कागदही डोक्यातून. आमच्यात तशी रीत हाये.”

नायक थांबले. “मंग तुह्या बापानं आता सांगतलं ते काय? खोटं बोलून राह्यले काय ते?”

उत्तराची वाट न पाहता नायक पुढे बोलले.

“माह्या दोन पोरींचे लग्न त्या माणसाच्या शब्दावर झाले, शाम. तू सांगून राह्यला का त्यायले काय बी आठवते? विचार करून सांग. रविवारी उद्घाटन हाये. पेपरवाला येऊन राह्यला. काका त्याच्यापुढं बोलतीन, अन् मंग ते छापून येईन.”

नायकांनी प्रश्न अचूक मांडला होता. शाम बोलले तर धावजींचा शब्द तांड्यात पडणार होता. ते गप्प राहिले तर एक खोटी गोष्ट छापून येणार होती, आणि तीही त्याच शब्दाच्या बळावर. शाम यांच्या मनात आणखी एक गोष्ट होती, आणि ती त्यांनी पुढे कबूल केली आहे: विमान खरे ठरले तर ते त्यांचे राहत नव्हते. ज्याला ते सुचले, ज्याने ते कापले, घासले, तो माणूस केवळ एका जुन्या विमानाची नक्कल करणारा ठरत होता. ही इच्छा वडिलांच्या अब्रूपुढे मांडण्याइतकी मोठी नाही, असे त्यांना वाटले. म्हणून ते तीन दिवस गप्प राहिले.

चौथ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, दवाखान्यात जाण्यापूर्वी त्यांनी घासपूस करायचे म्हणून भवनातून विमान घरी आणले आणि खिडकीच्या त्याच फळीवर ठेवले. ते तिन्ही चाकांवर उभे राहिले. धावजी खाटेवर चहा पीत होते. बापलेक एरवी गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोलत. व्यवहाराची गोष्ट असली की धावजी वऱ्हाडीवर येत.

“हे असं नव्हतं,” धावजी वऱ्हाडीत म्हणाले. “पुढचं चाक वर होतं.”

“हो, बा. श्रावणात वर होतं. याच खिडकीत.”

“काहून?”

“माल मांगं भरला होता. तुमी सांगतल्यावानी दोन्ही अंगाले सारखा भरला. पुढंमांगं पाह्यलंच नाही. मंग नाकात छरे टाकले तवा ते खाली आलं.”

धावजींनी कप खाली ठेवला. “बैलाले चार पाय असतात,” ते म्हणाले.

“हो.”

“मंग मी पाह्यलं ते इथचं.”

“इथचं.”

“वावर?”

“वावर माह्या कागदावर होतं. नायकानं तुमाले वाचून दाखवलं असन.”

“दाखवलं.” “अन् आवाज? आवाज तर आयकला मी.”

“आवाजाचं मले माहीत नाही, बा.”

दारात मानीबाई तूर पाखडत होत्या. सुपाचा आवाज थांबला होता.

“बाकीचं जे मले याद हाये,” धावजी म्हणाले, “त्याच्यातलं असं किती असन?”

दवाखान्यात त्या दिवशी तीन कवळ्या द्यायच्या होत्या. शाम निघाले.

*

रविवारी समाजभवनात दीडशेच्या आसपास माणसे होती. नायकांनी प्रास्ताविक केले. वार्ताहर कपाटाची छायाचित्रे घेऊन झाल्यावर पुढच्या खुर्चीत बसला. शाम मागे भिंतीशी उभे होते. त्यांनी वडिलांना काही करायला सांगितले नव्हते आणि वडिलांनीही काय करणार ते सांगितले नव्हते. नायकांनी ध्वनिक्षेपक धावजींच्या हाती दिला.

“हे विमान मी पाह्यलं,” धावजी म्हणाले. टाळ्या पडल्या. त्या थांबेपर्यंत ते थांबले. “माह्या घरच्या खिडकीत पाह्यलं. गेल्याच्या गेल्या श्रावणात. नायकाले मी सांगतलं का सत्तावन साली वावरात पाह्यलं. ते चुकीचं हाये. तसं विमान कोणापाशी नव्हतं. माह्या पोरानं डोक्यातून काढलं.”

सभेत हालचाल झाली. वार्ताहराने लिहिणे थांबवले.

“आता दुसरी गोष्ट. सोयरिकीचं तुमी मले इचारता. मी सांगतो. पण जशी ही गोष्ट मले खरीच दिसली, तशी एखादी कुळीही दिसली असन. मले कळलं नसन. आजपासून माह्या एकट्याच्या शब्दावर सोयरीक करू नका. गोण एका अंगाले लादत नसतात. मानीबाईलेही इचारा. तिले माह्याएवढं याद हाये. आजपर्यंत तिले कोणी इचारलं नाही, मीही नाही.”

मग मागून पिंटू, ट्रॅक्टर चालवणारा तिशीतला गृहस्थ, मोठ्याने म्हणाला, “काका, मंग आमचं काय? आमचं तर तुमीच जमवलं. दोन पोट्टे झाले आता!”

“तुहं बराबर हाये,” धावजी म्हणाले. “तुह्या बायकोले इचार पाहिजे तर.”

हशा झाला, आणि त्या हशात सभा पुढे सरकली. हशाने प्रश्न मिटत नाही, परंतु माणसांना तो घरी घेऊन जाता येतो.

देवसिंग नायक नाराज झाले. ती नाराजी त्यांनी लपवली नाही. “मंग हे इथं कायले ठेवायचं?” त्यांनी कपाटाकडे हात करून शाम यांना विचारले. “जे झालंच नाही ते?”

उत्तर मानीबाईंनी दिले. “घागऱ्यावर मोर काढला हाये तो कुठं उडाला होता, देवसिंग?”

नायकांनी विमान राहू दिले; फक्त मधल्या कप्प्यातून काढून खालच्या कप्प्यात, घंटेशेजारी ठेवले. जुने कार्ड त्यांनी शाम यांना परत केले आणि नवे मागितले. शाम यांनी नवे कार्ड लिहिले: ‘हे विमान कधी अस्तित्वात नव्हते. ते शाम धावजी आडे, पळसकुंड तांडा, यांनी अनेक विमानांचे तुकडे जोडून तयार केले.’ विमानाच्या कार्डावर स्वतःचे नाव त्यांनी प्रथमच लिहिले. नागपूरच्या गटात यावर नापसंती व्यक्त झाली; एकाने लिहिले की खेळाचा नियम मोडला. वर्तमानपत्रात समाजभवनाच्या उद्घाटनाची चार ओळींची बातमी आली, तीत विमान नव्हते.

नंतरच्या दोन महिन्यांत धावजींच्या खाटेशी कोणी आले नाही. वैशाखात राजूरहून एक कुटुंब आले. मुलाचे वडील कोळशाच्या खाणीत कामाला होते, मुलगी पळसकुंडची. नायक सोबत होते. धावजींनी नावे ऐकली, डोळे मिटले आणि म्हणाले, “जमते.” मग डोळे उघडून त्यांनी दाराकडे पाहिले. मानीबाई सूप खाली ठेवून बाहेर आल्या. त्यांनी तीच नावे पुन्हा सांगायला लावली आणि बोटांवर मोजत मागे गेल्या. तिसऱ्या बोटावर त्या थांबल्या.

“पोराची पणजी आडे नव्हती,” त्या म्हणाल्या. “पवार होती. आडे तिची सावत्र बहीण. मी तिच्या लग्नात होती.”

सोयरीक जमतच होती. पवार असो वा आडे, या जोडीला फरक पडत नव्हता. पाहुण्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. धावजी मात्र त्या एका नावापाशी अडकले. ते नाव त्यांनी याआधी दोन सोयरिकींत आडे कुळीचे म्हणून वापरले होते. त्यांतली एक जमवली होती आणि एक मोडली होती.

“मोडली ती कोणाची होती?” मानीबाईंनी विचारले.

धावजींनी सांगितले. नायकांनी खिशातून वही काढली, कुळी लिहिण्यासाठी त्यांनी ती नवीनच घेतली होती, आणि मोडलेल्या सोयरिकीतली दोन्ही नावे एकाखाली एक लिहिली.